बांध, गुंठे आणि ‘हे म्हणणे खरे नाही’

शाळेच्या स्मरणिकेत दिवाणी वकिलाने काय लिहावे? काळ्या कोटाआड जे चालते ते बरेचसे सातवीपर्यंतचे गणित आणि मराठीच असते, म्हणून तेवढेच लिहितो. सिनेमातल्या ‘ऑब्जेक्शन मायलॉर्ड’ला तालुक्याच्या कोर्टात फारसा वाव नसतो.

बांधाचा दावा घ्या. पक्षकार म्हणतो, शेजाऱ्याने दोन गुंठे दाबले. जुन्या खरेदीखतात चार एकर, सात-बारावर हेक्टर-आर. गुंठा आणि आर एकच समजून चार एकराचे 160 आर धरले की फसलेच. गुंठा 101.17 चौरस मीटरचा, आर बरोबर 100 चा. चार एकर म्हणजे 1 हेक्टर 61.87 आर. ज्या दोन गुंठ्यांसाठी भांडण, ते जवळजवळ सगळे या गुणाकारातच निघून जातात! म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, मग दावा. नकाशात दाबलेल्या तुकड्याला अ-ब-क-ड अक्षरे द्यावीत आणि त्याची लांबी-रुंदी वादपत्रात, म्हणजे दावा दाखल करण्याच्या अर्जात, उतरवावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 3 प्रमाणे मिळकत ओळखता येईल असे वर्णन लागतेच. ‘पूर्वेस चुलत्याची जमीन’ एवढ्यावर भागत नाही. चुलता वारतो, जमीन विकली जाते, चतुःसीमा कागदावरच राहते. फेरफारावर, म्हणजे महसूल दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदीवर, विसंबणारेही पुष्कळ भेटतात. फेरफार महसुलाच्या कामाचा, त्याने मालकी मिळत नाही.

मुदतींचे गणित वेगळे. समन्स लागल्यापासून कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, 30 दिवस, कोर्टाने कारण नोंदवून वाढवले तर 90. साध्या दाव्यात खर्च बसवून त्यापुढेही कधी मिळते. व्यापारी दाव्यात 120 दिवसांनंतर दार बंद. पण खरी ठेच लागते ती वारसांपाशी. दावा वर्षानुवर्षे चालतो, मध्येच एक पक्षकार जातो. 90 दिवसांत वारस रेकॉर्डवर आणले नाहीत, तर त्याच्यापुरता दावा आपोआप अबेट होतो, म्हणजे संपुष्टात येतो. ते रद्द करून घ्यायला आणखी 60 दिवस, त्यानंतर विलंबमाफीचा अर्ज. वकिलाच्या डायरीत पक्षकाराच्या मुलाचाही फोन नंबर हवा, तो यासाठी.

सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची साक्ष, आता शपथपत्रावर येतो, त्यामुळे कसब उरते ते समोरच्या वकिलाने घ्यायच्या उलटतपासात. साक्षीदाराकडून कबुली काढणे सगळ्यांना आवडते. आपली बाजू त्याच्यासमोर मांडणे मात्र ज्युनिअर हमखास विसरतात, आणि मग युक्तिवादात समोरचा वकील म्हणतो, ‘हे साक्षीदाराला विचारलेच नाही.’ साक्षीदाराने नाकारले तरी चालेल, प्रश्न गेला पाहिजे.

इथे मराठी आडवे येते. ‘तुम्ही बांध कोरला’ असे सुचवणाऱ्या प्रश्नाला साक्षीदार ‘नाही’ म्हणतो. नोंद होते, ‘मी बांध कोरला, हे म्हणणे खरे नाही.’ घाईत एक ‘नाही’ जास्त टाइप झाला की वाक्य होते, ‘मी बांध कोरला नाही, हे म्हणणे खरे नाही.’ झाली कबुली. साक्षीदार खाली सही करून घरी जातो, आणि काही वर्षांनी अपिलात तेच वाक्य कोणीतरी ठणठणीत आवाजात वाचतो. सही होण्याआधी जबाब ओळ न ओळ वाचून घेणे हे वकिलाचे काम, टंकलेखकाचे नव्हे.

हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, मिळाला म्हणजे जमीन मिळाली असे पक्षकाराला वाटते. त्यापुढे दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, असते: ताब्याच्या हुकूमनाम्याला 12 वर्षे, ‘बांधकाम काढून टाका’ अशा आज्ञात्मक मनाईला फक्त 3, निरंतर मनाईला मुदतच नाही. बेलीफ, म्हणजे कोर्टाचा अंमलबजावणीचा कर्मचारी, टेप घेऊन शेतात जातो आणि हुकूमनाम्यात अ-ब-क-ड शोधतो. ती अक्षरे वादपत्रात कधी आलीच नसतील, तर कुठला तुकडा ताब्यात द्यायचा ते त्याला कळत नाही. तसा अहवाल लिहून तो दुपारच्या एस.टी.ने परत येतो.