सगळेच तसं म्हणतात

पुएर्तो विएहो, कोस्टा रिका, सोमवार रात्र

पाऊस थांबलेला नाही. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओले, त्यांना आता कुबट वास यायला लागलाय. विवेक आला असता तर... असो.

काल दुपारची गोष्ट. मी उतरलेय त्या घरची मालकीण, सगळे तिला मिस म्हणतात, तिने पुढ्यात पेला ठेवला. आलं, गूळ, लिंबू, थंडगार. नाव 'आग्वा दे सापो', म्हणजे बेडकाचं पाणी! एक घोट घेतला आणि राहवेना. म्हटलं, "मिस, हे तर आमच्या घरचं. तुमचं घरच अगदी आमच्या आजीच्या घरासारखं आहे." ती नारळ खवत होती. मान वर न करता तिच्या त्या जमैकन वळणाच्या इंग्रजीत म्हणाली, "एव्हरीबडी से दॅट."

बस, एवढंच. रागावून नाही, टोमणाही नाही. 'आज पाऊस आहे' म्हणावं तसं.

आणि मी रात्रभर तेच चघळत पडले. एव्हरीबडी म्हणजे कोण? तो जर्मन पोरगा? त्याने मिसचा राइस अँड बीन्स बघून "गायो पिंतो!" म्हटलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गायो पिंतो तिकडे राजधानीचा, सान होसेकडचा, शिळा भात आणि घेवडा परतून केलेला. हा भात नारळाच्या दुधात शिजतो, वर एक अख्खी मिरची ठेवतात आणि ती फुटू न देता अलगद काढतात. मी हे न सांगता ओळखलं होतं. पहिलं दूध, दुसरं दूध मला कुणी शिकवायला नको. सान होसेहून येताना केळीच्या बागांत घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या दिसल्या, तेव्हा अख्ख्या बसमध्ये आंब्याला कागद बांधणाऱ्या गावची मी एकटीच असेन. मग मी एव्हरीबडी कशी?

शनिवारी तिने मला किनाऱ्यावर नेऊन खडक दाखवला होता. 22 एप्रिल 1991 च्या भूकंपात जमीन वर उचलली गेली, प्रवाळ उघडं पडून मेलं, त्याआधी पाणी कुठवर यायचं ते. पणजोबा जमैकाहून लिमोनला रेल्वेच्या कामावर आले, तेही सांगितलं (ती रेल्वे 1890 ला पुरी झाली). मला वाटलं, हे खास मला सांगतेय. आज सकाळी बघते तर त्याच खडकापाशी उभी, त्याच जागी हात करून, सर्फिंगवाल्या दोघांना तेच सांगतेय. माझ्या पोटात काहीतरी दुखलंच.

आणि मग आई आठवली. आईसुद्धा प्रत्येक पाहुण्याला पडवीतून सिंधुदुर्ग दाखवते, महाराजांच्या हातापायाच्या ठशांचं सांगते, आवाज त्याच जागी बारीक करते. पुण्याची मंडळी निघताना म्हणतात, "अगदी घरच्यासारखं वाटलं हो काकू!" आई हसून हात जोडते. गाडी वळली की आत येऊन म्हणते, "घरच्यासारख्या वाटला तर मगे भांडी घासूक बसा." आम्ही लोळून हसायचो. आणि मी इथे हजारो मैल येऊन तेच वाक्य टाकलं, वर आजीला जोडून!

म्हणजे मिस आत जाऊन काय म्हणत असेल...

संध्याकाळी जेवण झाल्यावर मुकाट्याने मोरीशी गेले आणि आपली ताटली घासायला घेतली. वाटलं, 'राहू दे, राहू दे' म्हणेल. तिने एकदा बघितलं आणि भाताचं तळाला लागलेलं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मग जर्मन पोराची ताटलीसुद्धा. काथ्या द्या म्हणणार होते, तारेची घासणी मिळाली. नखं गेली.

नऊला आईला फोन लावला, तिकडे साडेआठ, न्याहारीची गडबड. सगळं सांगितलं, बेडकाचं पाणी, भात, पातेलं. हसेल वाटलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणशी किती घेता ती?"

सांगितला आकडा.

"भांडी घासूनसुद्धा?"