पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट

डिसेंबर २०२२. रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येताना आंबा घाटात अंधार पडला. वळणावर समोरून ट्रक आला आणि त्याच्या दोन दिव्यांचं मला एकच पांढरं धुकट वलय दिसलं. रस्त्याची कड दिसेना. अंदाजानं गाडी डावीकडे घेऊन उभी केली. ट्रक गेल्यावर बघतो तर पुढचं चाक गटारापासून वीतभर लांब. तिथून मलकापूरपर्यंत एका एसटीच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून आलो आणि मुक्कामच केला.

माझी बुलेट १९८६ ची, गिअर उजव्या पायाला असलेली. १९९६ मध्ये याच गाडीवर मी मनाली-लेह केलं. उन्हाळ्यात तर रात्रीच निघायचो. गार हवा, रिकामा रस्ता आणि इंजिनाचा ठेका, याच्यासारखं सुख नाही.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षं मी हेल्मेटच्या काचेवरच्या ओरखड्यांना दोष देत होतो! पहिल्याच भेटीत मी सांगितलं, की मी लांबचा मोटरसायकलवाला आहे. हे सांगितलं ते फार बरं झालं. जवळचं-लांबचं दोन्ही दिसणारी महागडी लेन्स बसवायची माझी तयारी होती. पण तिच्यामुळे रात्री दिव्यांभोवती कडी जास्त दिसू शकतात. म्हणून त्यांनी लांबचं स्वच्छ दिसणारी साधी लेन्स सुचवली. वाचायला चष्मा लागतो, लागू दे.

आधी उजवा डोळा झाला, तीन आठवड्यांनी डावा. मधल्या दिवसांत मी खुंटीवरची टोपी एकेका डोळ्यानं बघत बसायचो. उजव्यानं पांढरीशुभ्र, डाव्यानं चहा सांडल्यासारखी. इतकी वर्षं सगळा मुलूख मी त्या चहातून बघत होतो.

ड्रॉप्स घालायचं काम बायकोनं घड्याळ लावून केलं. डोळ्यात पाणी नाही, धूळ नाही, चोळायचं नाही. हेल्मेट तर नाहीच, घालताना-काढताना डोळ्याला लागलं तर काय घ्या! मी विचारायचो, "गाडी नुसती चालू करून बघू का?" ती म्हणायची, "अहो, आधी डॉक्टर हो म्हणू देत."

त्यांनी हो म्हटलं, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. लेन्स नवी असली तरी बाहुली पासष्टीची आहे, अंधारात ती तरुणपणीइतकी उघडत नाही. रात्रीचा लांबचा प्रवास नको. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

जूनमध्ये लायसन्स संपत होतं. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म वन-ए लागतो. लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, आणि भर उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, असे त्यात प्रश्न असतात. आमच्या डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या पायरीवर उभं केलं आणि फाटकापलीकडे लागलेली एक मोटार दाखवली. एमएच ०९ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत मी एका दमात वाचलं. "बास, बास," म्हणत त्यांनी सही केली. पुढची पाच वर्षं मिळाली.

पावसाळा संपल्यावर पहिली फेरी जयगडची केली. तिथून फेरीबोटीनं तवसाळला उतरून गुहागरला मुक्काम. आता पहाटे उजाडलं की निघतो आणि सूर्य असेतो खोली गाठतो. एका दिवसाच्या प्रवासाला दोन दिवस लागतात.

येताना आंबा घाटात त्याच वळणावर थांबलो. सकाळचे दहा वाजले असतील. गटाराच्या कडेला काळे-पांढरे पट्टे मारलेले दगड होते, ओळीनं सात. त्या रात्री मला त्यातला एकही दिसला नव्हता.