नऊ फूट, आठ नंबर: बेलापूरच्या खाडीतली एक सकाळ

माघ वद्य नवमी. भरतीची वेळ काढायची कोळीवाड्यातली रीत सोपी आहे, तिथीची पाऊणपट करायची. नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे सकाळी पावणेसातच्या सुमाराला भरती पूर्ण आणि दुपारी एकच्या आसपास ओहोटी संपलेली. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. तरी मोबाइलवर वेळापत्रक बघण्याआधी मी ही पाऊणपट करते, कारण तिथी कळली की उधाण आहे की भांग हेही त्यातच कळतं. पुनव-अवसेच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरच्या घरात चढतं-उतरतं आणि खाडीचा सगळा गाळ ढवळून निघतो. अष्टमी-नवमीच्या भांगाला ओढ कमी असते आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. फ्लाय, म्हणजे पिसा-केसांचं हलकं नकली आमिष, घेऊन मासे धरायला जायचं असेल तर भांगच धरा.

ठाण्याहून पहाटेची ट्रान्स-हार्बर, नेरूळला बदलून बेलापूर, तिथून रिक्षाने दिवाळे कोळीवाडा. बरोबर मामेभाऊ होता. त्याच्याकडे अंदमानसाठी घेतलेला १० नंबरचा रॉड, माझ्याकडे मैत्रिणीकडून मागून आणलेला ८ नंबरचा. माझा स्वतःचा ५ नंबरचा रॉड मी घरी ठेवला होता. तो हिमाचलमधल्या तीर्थन नदीतल्या ट्राउटसाठी घेतलेला. गेल्या वर्षी मी तोच खाडीत वापरला, आणि धातूचे जड डोळे लावलेल्या एका फ्लायने त्याच्या शेंड्याला टोला दिला. तेव्हा काही दिसलं नाही. दोन आठवड्यांनी साध्या कास्टला, म्हणजे फेकीला, शेंडा तिथेच मोडला. रॉडच्या कार्बनला बारीकशी खोच पडली की तो असाच नंतर, अवचित मोडतो. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात होता. ठाणे-नवी मुंबईच्या खाऱ्या पाण्यासाठी एकच रॉड घ्यायचा तर कोणता? दोन-तीन रॉड घेणं मला परवडणारं नाही, आणि लोकलने जाणाऱ्याने ते वाहायचे तरी कसे?

ज्यांनी फ्लाय रॉड हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साध्या रॉडवर आमिषाचं किंवा शिशाचं वजन दोरीला ओढत नेतं, गोफणीतून धोंडा सुटावा तसं. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. इथे जाड लाइनच फेकायची असते, आसूड ओढावा तशी, आणि फ्लाय तिच्या टोकाला जाते. रॉडचा नंबर म्हणजे तो किती वजनाची लाइन उचलू शकतो त्याचा आकडा. लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन ५ नंबरला १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. ८ नंबरला २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या वर. १० नंबरला २८० ग्रेन, १८ ग्रॅम. म्हणून रॉड निवडताना आधी फ्लाय किती मोठी आणि वारा किती हे बघायचं. मासा किती मोठा हा प्रश्न त्यानंतरचा. मोठ्या माशाच्या स्वप्नापायी जड रॉड घेतलेले लोक तासाभरात तो होडीत आडवा ठेवतात.

नाखवा आधीच जेट्टीवर येऊन बसला होता. मी नळी उघडून रॉडचे चार तुकडे जोडले, ते त्याने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "या काठीनं म्हावरं गावल काय गो बाय?"

"बघू या, नाखवा," म्हटलं.

आम्ही पनवेल खाडीच्या बाजूला वळलो. मुद्दाम सांगते, वाशी आणि ऐरोली पुलांच्या मधला भाग टाळा. तिथे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ मध्ये ते जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्या हद्दीत गळ टाकायचा नाही, आणि फ्लेमिंगो जिथे चरत असतील तिथे होडीही न्यायची नाही. तिवरांच्या बाबतीतही तसंच. फ्लाय फांदीत अडकली तर होडी जवळ नेऊन हाताने सोडवा, फांदी मोडू नका. सुटत नसेल तर लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायच्या मधला बारीक दोरा, तोडा, फ्लाय गेली तर गेली. कोळ्यांनी लावलेल्या डोल जाळ्यांपासून लांब राहा. नाखव्याशी पैसे आधीच ठरवा आणि मासा मिळो न मिळो, पूर्ण द्या. त्याचा तो दिवस धंद्याचा असतो.

आमची जागा होती एक उघाडी. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या जमिनीच्या, बांधाला पाणी आत-बाहेर सोडायला दार असतं ती. ओहोटी लागली की खाजणातलं पाणी तिथून बाहेर पडतं आणि त्याच्याबरोबर कोळंबी, बोईची पिल्लं, बारीकसारीक सगळं वाहत येतं. बाहेरचं पाणी संथ, आतून येणारं धावतं. दोन्ही जिथे घासतात तिथे फेसाची एक रेघ उमटते आणि त्या रेघेखाली जिताडा, आम्हाला हवा असलेला मासा, उभा असतो. त्याला पाठलाग करायला आवडत नाही, तोंडासमोर आलेलं तो एका झटक्यात पाण्यासकट आत ओढतो.

पाणी फिक्या चहासारखं होतं. अशा पाण्यात मी दोनच फ्लाय वापरते, पोपटी-पांढरा क्लाउजर मिनो आणि काळा-जांभळा डिसीव्हर. ऊन चढेपर्यंत काळाच बरा, गढूळ पाण्यात त्याची आकृती ठळक दिसते. गळ १/० आणि २/० मापाचे, स्टेनलेस, टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला.

आधी भावाने १० नंबर चालवला. सुरुवातीला त्याने लाइन सुंदर टाकली, माझ्यापेक्षा लांब. पण उघाडीपाशी लांब टाकायचं नसतंच. चाळीस-पन्नास फुटांवर फेसाची रेघ, तिथे पुन्हापुन्हा, अगदी नेमकी फ्लाय ठेवायची असते. तीन तासांत तीनेकशे कास्ट सहज होतात. पाऊण तासात तो दर दोन कास्टनंतर खांदा फिरवायला लागला. मग त्याला अर्ध्या किलोचा एक तांब लागला, आणि रॉड वाकलासुद्धा नाही. तांब तिवरांच्या मुळांकडे धावणारा गडी, लहान असला तरी त्याच्या अंगात जोर असतो. १० नंबरवर तो नुसता ओढत आणल्यासारखा आला.

मग मी ८ नंबर घेतला. पहिल्या पंधरा मिनिटांतच जाणवलं की याच्यात घाई नाही. क्लाउजरचे जड डोळे मागच्या कास्टला खाली पडत नव्हते, शेंड्याच्या पुरेशा वरून जात होते. ५ नंबरवर नेमकं हेच जमत नव्हतं. साडेआठच्या सुमाराला तिसऱ्या ओढीला पाण्यात 'थप्प' असा भरीव आवाज झाला, लाइन ताठ झाली आणि मी रॉड वर उचलला. मासा गेला.

ट्राउटची ही सवय खाऱ्या पाण्यात नडते. रॉड वर उचलला की त्याचा लवचीक शेंडा झटका खाऊन टाकतो आणि जिताड्याच्या कडक तोंडात गळ रुतत नाही. रॉड पाण्याकडे रोखूनच ठेवायचा आणि डाव्या हाताने लाइन लांब, सरळ ओढायची. गळ बसला याची खात्री पटली की मग रॉड उचला. घरी दाराच्या कडीला लाइन बांधून याचा सराव करा. ऐन वेळी हात जुनीच सवय धरतो.

दुसरी संधी वीस मिनिटांनी आली. त्याच रेघेवर, थोडं खाली. या वेळी डावा हात आधी गेला. जिताडा एकदा पाण्याबाहेर आला, डोकं दोन्हीकडे हलवत, कल्ले फाकवून, आणि तिवरांकडे वळला. इथे ८ नंबरचा कस लागला. मुळांपाशी पोचला असता तर लीडर टिकला नसता. रॉड आडवा धरून, मुठीजवळचा जाड भाग वापरून मी त्याला वळवलं. शेंडा वर धरून मोठा मासा वळत नाही, ताकद खालच्या तिसऱ्या भागात असते. रॉडच्या बुडाला रबराचं बूड हवं ते याचसाठी, ते पोटाला टेकवता येतं. मासा दोन किलोंच्या आसपास होता, पाठ हिरवट-काळी, पोट चांदीचं. नाखव्याने वाकून पाहिलं आणि पुटपुटला, "गावला बग."

जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. तिथे बोट घालू नका, खालच्या जबड्याला धरा आणि पोटाखाली दुसरा हात द्या. मी तो पाण्यातच ठेवून सोडला. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून मोठे मासे खाडीत राहणं मला गरजेचं वाटतं. नाखव्याला ते रुचलं नसावं. जिताड्याची किंमत त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. तो काही बोलला नाही, पण पुढची उघाडी त्याने स्वतःहून दाखवली.

अकरानंतर जमिनीवरून येणारा मतलई वारा पडला आणि थोड्या वेळाने समुद्रावरून खारा वारा सुरू झाला. लाइन अडखळायला लागली. वारा उजवीकडून असेल आणि तुम्ही उजव्या हाताचे असाल तर गळ थेट कानाकडे येतो. अशा वेळी पाठ फिरवून मागच्या कास्टवर फ्लाय सोडायची. गॉगल आणि टोपी सकाळपासूनच घाला, होडीत एका वेळी एकानेच कास्ट करा. या वाऱ्यात १० नंबर नक्कीच सरस होता, ते मान्य करायला हवं. पण ८ नंबरनेही चाळीस फूट जमत होतं, आणि उघाडीला तेवढं पुरतं.

मग ९ नंबर का नाही, हे भावाने परतीच्या गाडीत विचारलं. तो चुकीचा नाही. करंजा किंवा रेवदंड्याच्या खडकांवरून, उघड्या समुद्राच्या तोंडाशी जो जाणार आहे, त्याने एकच रॉड म्हणून ९ घ्यावा. माझी दहातली आठ वेळा खाडीच असते, होडीतून, तिवरांच्या कडेने. म्हणून माझं उत्तर ८. नऊ फुटी, चार तुकड्यांचा, फास्ट ॲक्शनचा, म्हणजे ताठ आणि मुख्यतः शेंड्याकडेच वाकणारा. चार तुकड्यांचा रॉड अडीच फुटी नळीत बसतो आणि गर्दीच्या डब्यात पायांशी उभा राहतो.

पैसे वाटताना रॉडवर सगळे उडवू नका. मधल्या किमतीचा रॉड, पण लाइन उष्ण हवामानासाठी बनवलेलीच. थंड पाण्याची लाइन आपल्या उन्हात मऊ होते, गाइडच्या कड्यांना चिकटते आणि पुढे सरकतच नाही. रीलचा ब्रेक बंदिस्त हवा, खारं पाणी आत शिरता कामा नये. बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे रीलवर गुंडाळलेला राखीव दोरा, २० पौंडी. लीडरच्या शेवटी फूटभर ४० पौंडी जाड दोरा, जिताड्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं. तरंगती लाइन आणि हळू बुडणारी इंटरमीडिएट, अशा दोन लाइनी दोन स्पूलवर ठेवल्या तर एकच रॉड दोन रॉडांचं काम करतो. एकच घ्यायची झाली तर खाडीच्या ओढीत इंटरमीडिएट. आणि बोटाला चिकटपट्टी गुंडाळा. मिठाने ओली झालेली लाइन दोन तासांत पेराच्या आतली कातडी कापते, माझी कापली.

जोड दर अर्ध्या तासाने दाबून बघा. दहाच्या सुमाराला माझा शेंड्याचा तुकडा कास्टबरोबर निघून उडाला. लाइनवर अडकून राहिला म्हणून वाचला. जोडाच्या नर बाजूला पांढरी मेणबत्ती घासून ठेवली की तो घट्ट बसतो आणि घरी सहज निघतोही.

खाडीवरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या विजेच्या तारांखाली रॉड उभा करू नका. कार्बनमधून वीज वाहते, आणि ओला रॉड आणखी वाईट. भरतीला होडी वर उचललेली असते, तारेचं अंतर तेवढंच कमी होतं. पाय चिखलात टाकू नका, ओहोटीला होडीतून उतरून "दोन पावलं" म्हणणारा गुडघ्यापर्यंत रुततो.

घरी आल्यावर रॉडचे चारही तुकडे सुटे करून बादलीतल्या गोड्या पाण्याने धुतले. रील सीटच्या, म्हणजे रॉडवर रील बसते त्या जागेच्या, आट्यांमध्ये मीठ बसतं, तिथे जुना टूथब्रश. रील जोराच्या नळाखाली धरू नका, मीठ आणखी आत जातं. नुसती बुडवा, पुसा, ब्रेक सैल करून सुकवा. मैत्रिणीचा रॉड होता म्हणून दुप्पट काळजी घेतली, आणि परत देताना तिला विचारलंच की विकणार का. ती नाही म्हणाली.

आता स्वतःचा मागवला आहे. फाल्गुन शुद्ध नवमीला, पुन्हा पावणेसातच्या भरतीला, त्याच उघाडीवर. त्याच्या पुढे लांबवू नका असं नाखव्याने बजावलंय. शिमगा जवळ आला की होड्या रंगायला घेतात आणि मग कुणी खाडीत उतरत नाही.