आमची वाटचाल: रबाळ्याच्या गाळ्यातलं प्रोटीन

आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाने पार्सल उघडल्या उघडल्या फोन केला, "मॅडम, बाटली रिकामी आलीय." बाटली रिकामी नव्हती. शंभर मायक्रोग्रॅम प्रोटीन म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. सुकवल्यावर ते काचेच्या तळाशी धूसर पापुद्र्यासारखं बसतं आणि प्रवासात हललं तर झाकणाला जाऊन चिकटतं. तेव्हापासून प्रत्येक बाटलीबरोबर चिठ्ठी जाते: आधी सेंट्रिफ्यूज करा (म्हणजे यंत्रात गरगर फिरवून सगळं तळाशी आणा), मग झाकण उघडा.

आम्ही पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरून येणारा रेणू धरणारी प्रोटीनं, प्रयोगशाळांसाठी बनवतो. सगळ्यात जास्त जातो तो पीडी-१. २०१५ साली रबाळे एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला, तेव्हा डिपॉझिटचे पैसे अप्पांनी दिले. अप्पा वाशीच्या मार्केटात माथाडी होते, कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलण्यात त्यांची उमर गेली. फंडाचे पैसे माझ्या हातात ठेवताना त्यांनी एकच विचारलं, "पोरी, यात आहे तरी काय?"

मी त्यांना मार्केटच्या गेटचं उदाहरण दिलं. शरीरात टी-पेशी पहारा देतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ असतो. समोरच्या पेशीने पीडी-एल१ नावाचा पास दाखवला आणि तो पीडी-१मध्ये बसला, की पहारेकरी हात आवरता घेतो. आपल्या निरोगी पेशी अशाच वाचतात. पण कॅन्सरच्या कित्येक पेशीही तोच पास दाखवतात. अप्पा म्हणाले, "म्हणजे चोराकडे गेटपास. मग पहारेकऱ्याला पासच दिसू नये अशी सोय करायची." नेमकं हेच औषध करतं. औषध म्हणजे पीडी-१ला घट्ट धरून बसणारी अँटिबॉडी, आणि तिची पकड मोजायची तर हातात अस्सल पीडी-१ लागतो.

नोकरीत असताना मी परदेशी प्रोटीन मागवून प्रयोगशाळांना पोचवायचं काम करायचे. ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत पाच-सहा आठवडे, आणि पेटी उघडावी तर ड्राय आइस उडून गेलेला. वाट बघून थकलेले विद्यार्थी मी जवळून पाहिले होते. इथेच का बनवू नये, हा विचार तिथून आला.

पहिली चूक माझीच. खर्च कमी म्हणून आम्ही पीडी-१ ई. कोलाय जिवाणूत बनवला. त्यात प्रोटीन गोळे होऊन बसतं, ते विरघळवून पुन्हा नीट घडीत आणावं लागतं. काही प्रयोगशाळांना हे छान साधतं, आम्हाला साधलं नव्हतं. जेलवर, म्हणजे प्रोटीन आकारमानाप्रमाणे वेगळी करणाऱ्या चकतीवर, बँड मात्र सुरेख, एकच रेघ. मी तो फोटो छापून माल पाठवला. दोन महिन्यांनी पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. तिचा प्रत्येक प्रयोग फसत होता आणि ती स्वतःलाच दोष देत होती. तपासलं तेव्हा कळलं की आमच्या बाटलीतले बहुतेक रेणू चुकीच्या घडीत होते, पीडी-एल१ त्यांना धरतच नव्हता. एसडीएस जेलमध्ये प्रोटीन उलगडून धाग्यासारखं सरळ होतं, त्यामुळे जेलवर फक्त शुद्धता कळते, आकार कळत नाही. रिसेप्टरचं तर सगळं मोल आकारात. मी तिचे पैसे परत केले, पण तिचे दोन महिने मला परत करता आले नाहीत. अजून तिची आठवण आली की घसा दाटतो.

त्यानंतर जिवाणू बंद केले आणि एचईके-२९३ या मानवी पेशींकडे वळलो. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला फ्रँक ग्रॅहम यांनी त्या तयार केल्या. तो त्यांचा २९३ वा प्रयोग, म्हणून नावात तो आकडा. पीडी-१ एकूण २८८ अमिनो आम्लांचा. त्यातला पेशीबाहेर डोकावणारा दीडशेच्या आसपासचा भाग आम्ही घेतो, पडद्यात रुतलेला भाग सोडून देतो. त्यामुळे तो पाण्यात विरघळतो आणि पेशी तो बाहेर द्रवात सोडतात. तो द्रवातून वेगळा काढता यावा म्हणून शेपटाला हिस्टिडिन नावाची सहा अमिनो आम्लं जोडलेली असतात, ती निकेल भरलेल्या नळीला (कॉलमला) चिकटतात आणि इमिडाझोल हे रसायन सोडलं की सुटतात.

मानवी पेशी पीडी-१वर चार ठिकाणी साखरेच्या साखळ्या जोडतात. त्यामुळे हिशेबाने सुमारे १७ किलोडाल्टनचा (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) असलेला आमचा बँड जेलवर तीस-चाळीसच्या पट्ट्यात पसरट दिसतो. वर्षाला दहा-बारा जण तरी विचारतात, "चुकीचं प्रोटीन पाठवलं का?" मग आम्ही शेजारी शेजारी दोन रांगांचा फोटो पाठवतो: एक जशीच्या तशी, दुसरी पीएनगेज-एफ हे एन्झाइम घालून साखर काढलेली. दुसरीत बँड खाली उतरून सतराजवळ येतो. तो फोटो मला आमच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा प्यारा आहे. आता बाइंडिंग, म्हणजे पीडी-एल१ त्याला धरतो की नाही, हे तपासल्याशिवाय एकही लॉट गाळ्याबाहेर जात नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

२०१८ चं नोबेल जेम्स ॲलिसन आणि पीडी-१ शोधणारे तासुकू होंजो यांना मिळालं, आणि चौकशा एकदम वाढल्या. २०२०मध्ये सगळ्यांना एसीई२ हा दुसरा रिसेप्टर हवा होता, कारण करोनाचा विषाणू त्यालाच धरून पेशीत शिरतो. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. जनरेटरवर फ्रीझर होते, पेशींचे फ्लास्क सतत हलवत ठेवणारा शेकर नव्हता. शेकर थांबला की पेशी तळाशी बसतात आणि गुदमरतात. मग आम्ही तिघांनी इन्क्युबेटरचं दार जरासं उघडून, आळीपाळीने, एकेक फ्लास्क हाताने गोल फिरवला. मनगटं भरून आली तरी कुणी थांबलं नाही. दुपारी वीज आली. त्या लॉटचं उत्पादन निम्म्यावर आलं, पण पेशी जगल्या. दुसऱ्याच आठवड्यात शेकर जनरेटरवर घेतला.

एक फोन मात्र मला कायमचा लक्षात आहे. साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते. "ताई, तुमच्याकडे कॅन्सरचं ते पीडी-१ मिळतं ना? आमच्या मंडळींना जबड्याचा आहे." आमच्या लेबलवर लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरायचं नाही. ते वाक्य फोनवर नुसतं वाचून दाखवणं मला जमलं नाही. मी त्यांना सांगितलं, दादा, आमचं प्रोटीन औषध नाही, औषध या प्रोटीनला धरणारं असतं, आणि ते द्यायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांची पहिली चिंता पैशांची होती. पुढे २०२२मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांचा अभ्यास आला. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या वाढलेल्या अवस्थेत निवोलुमॅब हे पीडी-१विरोधी औषध तीन आठवड्यांतून एकदा अवघं २० मिलीग्रॅम, नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहून कमी, केमोसोबत दिलं तरी रुग्ण जास्त जगले. वाचताना तेच गृहस्थ डोळ्यांपुढे आले. त्यांचा नंबर मी ठेवला नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

सध्या आम्ही सात जण आहोत. अप्पा दर गुरुवारी रबाळे स्टेशनवरून चालत येतात आणि पॅकिंगला बसतात. प्रोटीन द्रवरूपात हवं असतं त्यांची थर्माकोलची पेटी ड्राय आइसमध्ये जाते, आणि प्रत्येक पेटी टेप मारायच्या आधी अप्पा दोन्ही हातांनी उचलून बघतात. गेल्या आठवड्यात गुवाहाटीची पेटी त्यांनी खाली ठेवली आणि म्हणाले, "दीड किलो कमी आहे." काट्यावर ठेवली. एक किलो चारशे ग्रॅम कमी भरली. बर्फ घातला, मग कुरिअरवाल्याला बोलावलं.