फुटेज क्लाउडवर टाकून मोकळं व्हावं का?

माहितीपट करायला निघालेली पोरं भेटली की कॅमेऱ्याच्या गप्पा संपल्यावर हा प्रश्न ठरलेला: 'सर, हार्ड डिस्कला कशाला पैसे घालायचे? सगळं क्लाउडवर टाकून मोकळं व्हायचं ना?' तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. टाका, जरूर टाका. मोकळे मात्र होऊ नका.

आधी हिशेब करू. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येऊन सुपाऱ्या ठरवतात. त्यावर आम्ही पाच दिवस शूट केलं. दोन कॅमेरे, दोन्ही 4के, सेकंदाला 100 मेगाबिट. म्हणजे तासाला साधारण 45 जीबी. प्रत्येक कॅमेऱ्याचं रोजचं चार तासांचं फुटेज धरलं तर पाच दिवसांचे झाले 1800 जीबी. गूगल ड्राइव्हवर फुकट मिळतात 15 जीबी, त्यातही तुमचे मेल आणि फोटो.

बरं, जागा विकत घेतली. पण ते वर चढणार कसं? इंटरनेटवाला जी 'स्पीड' सांगतो ती मेगाबिटची. आठाने भागा, मग मेगाबाइट मिळतात. माझ्या घरी अपलोड 40 मेगाबिटच्या वर जात नाही. त्या वेगाने तासाला 18 जीबी, म्हणजे सगळं चढायला सलग शंभर तास. मधे वीज गेली नाही तर. आणि हे फक्त चढवायचं झालं, परत उतरवायचे तास वेगळे.

तरी हौसेने चढवलं. लॅपटॉपवर एक फोल्डर केला, त्यात जे ठेवू ते आपोआप वर जाणार. पहिल्या चार दिवसांचं फुटेज एका हार्ड डिस्कवरही होतं. पाचव्या रात्री सगळे इतके दमलो होतो की कार्डं थेट त्या फोल्डरमध्ये रिकामी केली, डिस्कवर उद्या करू म्हटलं. अपलोड पूर्ण झालेलं पाहून कार्डं फॉरमॅटही केली. तो 'उद्या' काही आला नाही.

आठवड्याभराने लॅपटॉप भरला. आमच्या सहायकाने 'वर आहेच की' म्हणत पाचव्या दिवसाचे 360 जीबी उडवले. आता सिंक म्हणजे काय? इथे जे दिसतं तेच तिथे ठेवायचं. इथलं गेलं, म्हणून सिंकने तिथलंही काढलं. इमानेइतबारे. चूक सेवेची नव्हती, त्या पोराचीही अर्धीच. कचरापेटीत 30 दिवस होतं. आम्हाला कळलं चाळिसाव्या दिवशी, हलक्या प्रतींवरचं एडिटिंग संपवून, रंग नीट करायच्या आधी, त्याला मूळ फाइली जोडायला घेतल्या तेव्हा. स्क्रीनवर लाल चौकटी, 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे फाइल सापडत नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

म्हणून मी आता क्लाउडला कपाट समजत नाही, एसटीचं पार्सल समजतो. त्यातून पाठवायचं ते हलकं पाठवायचं. रात्री मूळ फुटेजच्या प्रॉक्सी, म्हणजे कमी दर्जाच्या हलक्या प्रती, काढतो, 720च्या, 8 मेगाबिटच्या. चाळीस तासांच्या प्रॉक्सी झाल्या जेमतेम 144 जीबी, आठ तासांत वर. मुंबईचा एडिटर त्यावर कापतो, साउंडवाली त्यावर ऐकते, आणि प्रोजेक्ट फाइल तर इतकी चिमुकली की रोज वर टाकली तरी कळत नाही. रोजच टाकायची, तारखेसकट. एक सांभाळा: आमचे कॅमेरे नव्या कार्डावर फाइलींना पुन्हा सी-0001 पासून नावं द्यायला लागतात, म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइली. मग राहुटीच्या जागी एसटी स्टँड जोडला जातो. कार्डागणिक वेगळं नाव कॉपी करतानाच द्या.

मूळ फुटेज दोन डिस्कवर जातं, आणि कॉपी चेकसमने (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला आकडा, दोन्हीकडे तोच आला की कॉपी बरोबर) ताडून पाहिल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही. दुसरी डिस्क बहिणीकडे, साताऱ्याला. दोन्ही एकाच टेबलावर ठेवल्या तर दोन कशाला हव्यात? 2003च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मची जुनी रिळं जळाली. एका जागेचा धोका आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. तिसरी प्रत क्लाउडवर ठेवायची ऐपत असेल तर उत्तमच, फक्त सिंकच्या फोल्डरात नको, वेगळी चढवा. आणि हेही धरा की ते दर महिन्याचं भाडं आहे. माहितीपट तीन वर्षं रखडतो, भाडं रखडत नाही.

त्या पाचव्या दिवसाचं काय झालं, हे पुढे विचारतातच. सुदैवाने त्या दिवसाच्या प्रॉक्सी एडिटरच्या मशीनवर होत्या. ढोलकीच्या कड्या सरकवत, कान वाद्याला लावून सूर जुळवणारे एक म्हातारे कलावंत, बारा सेकंदांचा शॉट. दिग्दर्शिका तो सोडायला तयार होईना, म्हणून 720चाच ताणून लावला. पडद्यावर मला तो दरवेळी मऊ, जरा धूसर दिसतो, इतर कुणी काही म्हटलेलं नाही. त्या काकांनी फिल्म फोनवर पाहिली आणि खूश होऊन फोन केला, 'तेवढा माझा फोटो मोठ्यात मोठा पाठवा बरं का, यात्रेला फ्लेक्स लावायचाय.'

मी होतं ते पाठवलं.