जाळी मीच लावली होती

मी ठाण्यात बागांचं मेंटेनन्स करतो, पोखरण रोडच्या बाजूला दोन-चार बंगले आहेत माझ्याकडे, त्यातल्या एकाच्या मागच्या अंगणात दहा बाय सहाचं तळं आहे, त्यात लिली, गप्पी मासे आणि बोटभर लांबीचे रंगीत कोई मासे. मार्च लागला की येऊरच्या डोंगरात पाणी आटायला लागतं आणि मग सगळी वरात इथे. बुलबुल आंघोळीला, खंड्या पंपाच्या पाइपवर, संध्याकाळी मुंगूस. आणि ढोकरी, तो छोटा बगळा. एरवी मातकट, समोर बसली तरी दिसणार नाही, पण या दिवसांत विणीचा रंग चढतो, पाठ एकदम मरून, शालू पांघरल्यासारखी. अर्धा अर्धा तास हलत नाही आणि मग टपकन एक कोई गायब. चार गेल्यावर बंगल्याच्या काकू म्हणाल्या, कायतरी कर बाबा. मी नायलॉनची जाळी आणली, मस्त ताणून बसवली, आठशे रुपये घेतले, खूश.

पंधरा दिवसांनी सकाळी फोन, "अरे लवकर ये, जाळीत नाग अडकलाय!"

जाऊन बघतो तर दिवड, पाण्यातला साप. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, डोळ्याजवळ दोन तिरप्या काळ्या रेघा. बिनविषारी. बेडकांमागे आली असणार. डोकं जाळीच्या भोकातून आरपार गेलं, पोट जाड तिथे आवळली, आणि खवले मागच्या बाजूला वळलेले म्हणून मागेही येता येईना, जितकी धडपडेल तितका दोरा आत. माझ्या पोटात गोळाच आला, गाठी माझ्याच हातच्या ना.

वनखात्याच्या १९२६ वर फोन केला, त्यांनी सर्पमित्र पाठवला. पोरगाच होता, विशीतला. त्याने डोक्यावर ओला फडका टाकला, मला म्हणाला, "दादा, ओढायचं नाय, एकेक धागा कापायचा." माझी बोन्सायची बारीक कात्री कामाला आली. मी कापतोय, हात थरथरतोय, आणि दिवडेने फडक्याखालूनच त्याचा अंगठा पकडला, रक्त आलं तर तो हसतोय, म्हणे बिनविषारी असली तरी चावरी असते ही. शेवटचा धागा कातडीत रुतला होता, म्हणून लगेच न सोडता उपचाराला घेऊन गेला.

जाळी त्याच दिवशी काढली. तळाशी मातीचे पाइपचे तुकडे टाकले, माशांना लपायला. आठशे परत द्यायला गेलो तर काकू म्हणाल्या, राहू दे, त्याचे कोई आण. आणले. एक कालच गेला.