वीस मार्च

30 नोव्हेंबर, रात्री

नवं कालनिर्णय खिळ्यावर चढायच्या आधीच जेवणाच्या टेबलावर पसरलं. पेन्सिल घेऊन आठवडे मोजत बसले होते. सहावा महिना चालू आहे, डॉक्टरांनी दिलेली तारीख 20 मार्च. इतकी वर्षं अकाउंट्समध्ये काढल्यावर 20 तारीख म्हटलं की आधी जीएसटीचं 3बी रिटर्न भरणं आठवतं, बाळ नंतर. त्यात मार्च एंड! साहेबांनी अभिनंदन केलं आणि लगेच त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. राग नाही आला. मीही आधी तेच केलं होतं.

पगारी रजा 26 आठवडे, त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त 8. ते सगळे घेतले तर 23 जानेवारीपासून घरी, पण 24 जुलैला हजर, म्हणजे बाळ जेमतेम चार महिन्यांचं. 5 मार्चपर्यंत काम रेटलं तर थेट 4 सप्टेंबर. त्याला तेरा-चौदा पीएल, म्हणजे साठलेल्या हक्काच्या रजा, जोडल्या की सहा महिने भरतात, उष्टावण करूनच कामावर जाता येईल. ऑफिससमोरच्या पाळणाघरातही सहा महिन्यांखालचं मूल घेत नाहीत. कायद्याने पाळणाघराची सोय कंपनीने करायची, पण ती 50 माणसांपासून पुढे. आम्ही 34.

गणित सुटलं म्हणून खुशीत आईला फोन केला. ती म्हणाली, "कळा काय मार्च एंड बघून येतात?" तिच्या हिशेबात डोहाळजेवण झालं की मी सांगलीला. पहिलं बाळंतपण माहेरीच. आता सातव्यात निघायचं तर ते 8 आठवडे सुरू व्हायच्या आधीच पीएलना गळती लागणार. मधला मार्ग म्हणून फेब्रुवारीच्या मध्यावर एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

दर महिन्याला कापलेला कर, म्हणजे टीडीएस, 7 ला भरायचा, जीएसटीची रिटर्न्स जीएसटीआर-1 11 ला आणि 3बी 20 ला. माझ्या जागी येणाऱ्या मुलासाठी वही लिहायला घेतली आहे. ते सोपं आहे.

अवघड आहे ते नवऱ्याच्या रजेचं. नणंदेचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यांना 15 दिवस मिळाले, आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घ्यायची मुभा. खासगीत तसा कायदाच नाही, कंपनी देईल तेवढं. याला पाच दिवस, तेही पहिल्याच महिन्यात संपवायचे. तेव्हा सांगलीत आई, मावशी, शेकशेगडीवाल्या बाई असा सगळा फौजफाटा. हा तिथे चहा पिण्याशिवाय काय करणार? खरी गरज मी कामावर जाईन त्या आठवड्यात, आणि आमच्या दोघांच्याही घरात त्या आठवड्याचं नाव आजवर कोणी काढलं नव्हतं.

आज मी काढलं. तो बराच वेळ पानं उलटत बसला. मग सप्टेंबरमध्ये 21 पासून दहा दिवसांवर आडवी रेघ ओढली. मी पेन्सिल पुढे केली होती, त्याने पेन घेतलं.

"साहेबांना विचारलंस?"

"तू विचारलं होतंस?"